दहा तारखेच्या वरची ओळ

आपल्या ग्रुपवर गोटमारीच्या, संत्र्याच्या बागांच्या, छोट्या लाईनच्या गाडीच्या आठवणी येतात, वाचायला मजा येते. माझी आजची आठवण हिशेबाची आहे. कंटाळा आला तर सोडून द्या.

1990 नंतरची गोष्ट. घर पांढुर्ण्याला आणि नोकरी सौंसरकडच्या एका शाखेत. बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल 1984 चा, पण आमच्याकडे लेजर पोस्टिंगचं मशीन यायला पुढची कित्येक वर्षं गेली. आलं तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले.

तेव्हा बचत खात्याच्या व्याजाचा नियम असा होता की महिन्याच्या 10 तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. जुन्या लोकांना आठवत असेल, शहाणी माणसं 10 च्या आत पैसे भरायला यायची. व्याज सहामाहीला जमा व्हायचं.

मशीनवरची पहिली सहामाही झाली. काही खाती आम्ही हाताने तपासली, बहुतेक बाजारातल्या दुकानदारांची. जुळली. एकूण व्याजाची बेरीजही मागच्या सहामाहीच्या आसपास होती. सगळे खूश.

मग एक बाई पासबुक घेऊन आल्या. खेड्यातल्या, बोर्डावरची हिंदी वाचता न येणाऱ्या, पण रुपयाचा हिशेब पक्का. 4 एप्रिलला त्यांनी 4,000 रुपये भरले होते आणि नंतर बँकेत पाऊल ठेवलं नव्हतं. म्हणाल्या, "भाऊ, मी तं एक पैसा काढला नाही. मंग माह्यं व्याज कुठं गेलं?"

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बाई, कॉम्प्युटरनं काढलं आहे, चुकत नाही." मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि खात्याचा कागद काढला. एप्रिल, मे, जून, तिन्ही महिन्यांचं व्याज शून्य.

लेजरमध्ये शिल्लक रोज लिहीत नाहीत. व्यवहार झाला की एक ओळ. 4 तारखेची ओळ म्हणजे नुसती 4 तारीख नव्हे, पुढची ओळ येईपर्यंत तीच शिल्लक चालू असते. हाताने व्याज काढणारा बाबू 10 तारखेवर बोट ठेवून आपसूक वरच्या ओळीकडे बघायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. प्रोग्राम मात्र 10 ते 30 तारखेच्या आत लिहिलेल्या ओळीच शोधत होता. बाईंची ओळ 4 तारखेची. ओळ नाही म्हणजे शिल्लक नाही, व्याज नाही!

उलट एखाद्या दुकानदाराची शिल्लक 500 आणि 12 तारखेला त्याने 8,000 भरले, तर प्रोग्रामला फक्त 8,500 ची ओळ दिसे. कमीत कमी शिल्लक 500 असायला हवी होती, धरली 8,500. इकडे कमी, तिकडे जास्त, म्हणून बेरीज हलली नाही. बी.कॉम.ला प्रतिपूरक चुका शिकलो होतो, त्या अशा भेटल्या. आणि ज्यांचं बुडत होतं ते कोण? जे पैसे ठेवून निमूट घरी बसतात ते. म्हातारे, विधवा, दूरच्या गावचे.

मी दोन पानी पत्र लिहिलं, सोबत पाच खात्यांचे हिशेब जोडले. उत्तर यायला वेळ लागला, पण प्रोग्राम बदलला. आधी 10 तारखेच्या अगोदरची शेवटची ओळ उचल, मग पुढे वाच. पूर्ण सहामाही परत काढली. बाईंना पन्नास-साठ रुपये मिळाले. ज्यांचं जास्तीचं परत घेतलं त्यांतला एक दुकानदार कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही.

हे आठवायचं कारण माझा पुतण्या. तो पुण्यात लिनक्सच्या फाईल सिस्टीमवर काम करतो. फाईल सिस्टीम म्हणजे डिस्कचं लेजरच, कोणत्या फाईलचा तुकडा कुठल्या जागेपासून किती लांब ठेवला याची नोंद. एक्सएफएस नावाच्या फाईल सिस्टीममध्ये 2017 पासून अशी सोय आहे की या जागेपासून त्या जागेपर्यंत कोणाचं काय आहे ते विचारता येतं. याला ते रेंज क्वेरी म्हणतात. 2023 मध्ये डॅरिक वाँग यांनी तिच्यातला एक बग दुरुस्त केला. एखाद्या तुकड्याच्या मधल्याच जागेबद्दल विचारलं तर उत्तर रिकामं यायचं, कारण तुकडा त्या जागेच्या आधी सुरू झालेला. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, ही तर माझी 4 तारखेची ओळ!"

त्यांचं कारण मात्र वेगळं होतं. यादी मोठी असली की ती दोन-तीन खेपांत द्यावी लागते. दुसऱ्या खेपेला दिलेली नोंद पुन्हा जाऊ नये म्हणून चाळणी लावली होती, की सीमेच्या आधी सुरू झालेली नोंद वगळा. ती पहिल्याच खेपेला लागत होती. दुरुस्ती म्हणजे चाळणी फक्त "पुढचं द्या" म्हटल्यावर लावायची. माझ्या मते आमच्या प्रोग्रामपेक्षा ही चूक जास्त माफ करण्यासारखी. त्यांनी निदान वरची ओळ वाचली तरी होती, नंतर गाळली.

पुतण्याने विचारलं, ती 10 तारीख बँकेत अजून आहे का? नाही. 1 एप्रिल 2010 पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज सुरू करायला लावलं. तेव्हा मी नोकरीतच होतो. त्या दिवशी मला त्या बाईंची आठवण झाली, पण मी तोवर दुसऱ्या शाखेत होतो.