मिशी आणि बांगड्या

मराठी पुरुषाचा पाणउतारा करायचा असेल, तर त्याला ‘बांगड्या भर’ म्हणावे, असा आपल्या भाषेचा दंडक आहे. हा सल्ला आजवर जितक्यांना देण्यात आला तितक्यांनी तो मनावर घेतला असता, तर महाराष्ट्रातल्या कासारांनी साखर कारखाने काढले असते. मौज अशी की, ज्याने खरोखरच बांगड्या भरल्या त्याला याच समाजाने गंधर्वपद बहाल केले. नारायण श्रीपाद राजहंस यांची रंगभूमीवरील नेसण आणि वेशभूषा यांचे घरंदाज स्त्रिया अनुकरण करीत. त्या स्त्रियांच्या यजमानांना त्यात काही वावगे वाटत नसे.

या विसंगतीचा उत्तम नमुना म्हणजे कृ. प्र. खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ (१९११). खाडिलकर हे ‘केसरी’च्या मुशीतून घडलेले, त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० साली बंदी घातलेली. ‘मानापमाना’तला प्रश्न सरळ आहे : खरा पुरुष कोण, धनवान की शूर? लक्ष्मीधर श्रीमंत पण भित्रा. सेनापती धैर्यधर गरीब पण बाणेदार. निकाल द्यायचा आहे भामिनीने, आणि भामिनी म्हणजे साक्षात राजहंस. मर्दानगीच्या प्रमाणपत्रावर सही झाली ती पदर सावरणाऱ्या पुरुषाच्या हातची. पुढे १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले होते. तेही बालपणी देवलांची शारदा म्हणून गाजलेले. राष्ट्राच्या पौरुषासाठी निधी उभा राहिला तो एका विद्यमान आणि एका माजी नायिकेच्या बळावर.

माझे एक मामा या परंपरेचे निष्ठावंत वारस होते. मिशी भरघोस, आवाज खर्जातला आणि ‘पुरुषाने रडू नये’ हा सिद्धान्त. ग्रामोफोनवर बालगंधर्वांची तबकडी लागली की मात्र त्यांना तंबाखूचा ठसका लागे आणि डोळे पंचाने पुसावे लागत. तंबाखू संपलेली असे त्या दिवशीही हा ठसका चुकत नसे. याच मामांनी, गणेशोत्सवातल्या नाटकात स्त्रीभूमिका करून बक्षीस मिळवलेल्या आपल्या मुलाला, घरी येताच थोबाडीत मारली. बक्षिसाचा स्टीलचा पेला मात्र देव्हाऱ्याशेजारी मांडून ठेवला.

मामांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या वागण्याची संहिता समाजानेच लिहिलेली होती. गंधर्वांचे स्त्रीरूप भरजरी शालूंत, अत्तराच्या दरवळात, प्रतिष्ठितांसमोर वावरले म्हणून ती कला ठरली. तेच रूप तमाशाच्या फडात आले की त्याला ‘नाच्या’ म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाने उच्चारलेला मी कधी ऐकला नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधल्या (याच कादंबरीवर २०१० साली चित्रपट आला) गुणाचा देह तालमीत कमावलेला. त्याला व्हायचे असते राजा; पण फडाला नाच्या मिळेना म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. रात्री शिट्ट्या मारणारे लोक दिवसा त्याची टवाळी करतात आणि त्या भूमिकेचे मोल त्याचा संसार चुकवतो. मामांच्या त्या थपडेत या नाच्याचेच भय होते.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आपल्याला इतका निर्धोक वाटतो, याचेही कारण येथेच असावे. सचिन पिळगांवकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या साड्यांना निमित्त आहे ते भाड्याच्या घराचे. साडीआडून पुरुष प्रेक्षकाला सतत डोळा मारतो. शेवटी सोंग उतरते आणि त्या दोघांनाही नायिका मिळते. सोंग उतरणार आहे, या हमीवरच आपण मनमुराद हसतो.

तात्पर्य, आपल्या लोकप्रिय कलांत पुरुषाला स्त्री होण्याची बंदी कधीच नव्हती. सोंग उतरवून सन्मानाने घरी जाण्याचा हक्क कोणाला, हा खरा प्रश्न होता. आणि तो जात, वर्ग व तिकिटाचा दर यांनी परस्पर सोडवला. मिशी हेही सोंगच. फरक इतकाच की ते उतरवायला कोणी सांगत नाही, आणि बिचाऱ्या धन्याला रात्री झोपतानाही त्याला तेल लावत बसावे लागते.