पाळीवरची वाट

नवेगावबांधला आत्याकडे मुक्काम असला की उजाडायच्या आधीच मी पाळीवर जातो. डिसेंबरात तिथलं धुकं लवकर वर जात नाही, पाण्याला बिलगूनच असतं. पलीकडच्या डोंगरांचे माथे तेवढे वर दिसतात, आणि धुक्याच्या आतून बदकांचा कलकलाट येतो. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून आलेले लोक त्या वेळी दुर्बिणी सरसावून उभे असतात. मीही अनेक वर्षं तिथे पक्ष्यांसाठीच गेलो. ज्या मातीवर उभं राहून पक्षी बघत होतो, तिच्याकडे बघायचं मात्र राहून गेलं होतं.

तिच्याकडे लक्ष गेलं ते एका साध्या प्रश्नामुळे. आत्याच्या नातवाने विचारलं, "एवढं पाणी, आणि बांध एवढासाच?" आम्ही पाळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलो होतो. डोंगराच्या पायथ्याशी पाळ संपली, तेव्हा त्याला वाटलं होतं की ती अजून पुढे असेल. मी नुसता बघत राहिलो. जुन्या गॅझेटिअरमध्ये या तळ्याचा घेर सतरा मैल दिला आहे. सतरा मैल म्हणजे जवळपास सत्तावीस किलोमीटर. आणि हे सगळं पाणी माणसाने घातलेल्या मातीने अडवलं आहे ते फक्त डोंगरांमधल्या फटींमध्ये. बाकी सगळीकडे डोंगरच पाळ झाले आहेत.

या डोंगरांना गाव सातबहिणी म्हणतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध बांधला आणि बांधताना या सात बहिणींनी त्यांना मदत केली, अशी कथा आहे. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाच देव केलं. कोलासुर या नावाने त्यांचं ठाणं तिथल्याच एका माथ्यावर आहे. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, देवाधर्माची म्हणून. त्या सकाळी पाळीच्या टोकावर उभा असताना ती पहिल्यांदा मला जमिनीची कथा वाटली. बहिणींनी मदत केली, ती अशी. हात धरून त्या गोल उभ्या राहिल्या. जिथे हात सुटले होते तिथे कोलू पाटलांनी माती टाकली. नकाशा नाही, दुर्बिणीचं मोजमाप नाही. पावसाळ्यात रानातून वाहणारं पाणी कुठे गोळा होतं आणि कोणत्या खिंडीतून निसटतं, हे त्या माणसाने किती पावसाळे पायी फिरून पाहिलं असेल! तीनशे वर्षं उलटली तरी गावाला त्या बांधणीचा मुद्दा नेमका आठवतो. फक्त तो देवाच्या भाषेत आठवतो.

आमच्या जिल्ह्याचं वय तसं कोवळं आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. पण तळ्यांना ही हद्द कुठे ठाऊक? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा पट्टा एकच आहे. आपण त्याला झाडीपट्टी म्हणतो. इथे साडेसहा हजारांवर जुने तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. कोहळी समाजाचे पूर्वज चांद्याच्या गोंड राजांनी काशीकडून आणवले, अशी परंपरा सांगते. जो रान तोडून तळं बांधील, त्याला त्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन, असा राजाचा शब्द होता म्हणतात. ऊस आणि पाणी या दोन गोष्टींवर कोहळ्यांचा जीव. धानाच्या मुलखात पाऊस रुसला तर काय करायचं, याचं उत्तर त्यांनी मातीत लिहून ठेवलं.

असा लिहिलेला इतिहास वाचायची सवय आपल्याला नाही. इथून दोनेक तासांच्या अंतरावर, आमगावजवळ, पदमपूर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं मांडलं. नाटकाच्या प्रस्तावनेत कवीने आपल्या गावाचं नाव दिलं आहे, आणि दुर्गला मिळालेल्या वाकाटकांच्या एका अपुऱ्या ताम्रपटातही पद्मपूर येतं. त्या दोन उल्लेखांचे धागे एकत्र करून मिराशींनी आमच्या भागातल्या एका खेड्याला संस्कृत साहित्यात जागा मिळवून दिली. आमगावच्या महाविद्यालयाला आज भवभूतीचं नाव आहे. मला याचा फार अभिमान आहे. पण पदमपूरला इतिहासाचं दार उघडलं ते ग्रंथाने आणि तांब्याच्या पत्र्याने. नवेगावच्या कोलू पाटलांनी ना नाटक लिहिलं, ना ताम्रपट कोरला. त्यांचं लेखन वाचायचं तर पाण्याच्या मागे चालत जावं लागतं. म्हणून अलीकडे मी पाळीवरून परत फिरत नाही. पाटाच्या कडेने खाली उतरतो.

खाली धानाच्या बांध्या लागतात. डिसेंबरात कापणी झालेली असते. धसकटांच्या मधून लाखोरी हिरवी डोकावते. धुऱ्यावरून चालताना दव पोटऱ्यांपर्यंत भिजवतं. मोठ्या तळ्याची पाळ मागे राहते आणि लहानलहान बोड्या सुरू होतात. वरच्या बोडीचं जास्तीचं पाणी सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, सांडतं, ते खालच्या बोडीत जातं, तिथून आणखी खालच्या. शेजारच्या घरी वाटी पाठवावी, तशी एक बोडी दुसरीला पाणी पाठवते. एकीची पाळ फुटली तर खालच्या सगळ्यांना धोका. म्हणून पाळीची चिंता एकट्या गावाची कधीच नव्हती.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका बोडीवर ढिवर समाजाचे एक काकाजी भेटले. मासेमारी संस्थेकडे ती बोडी आहे आणि राखणीची पाळी त्यांची होती. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते तुडूम चाचपत होते. तुडूम म्हणजे पाळीच्या आतल्या अंगाला दगडात बांधलेली, पाणी सोडायची जागा. त्याला एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटी ठोकलेली असते. पाणी उतरलं होतं, त्यामुळे वरची दोन भोकं उघडी दिसत होती. मी जवळ जाऊन बोट फिरवलं. दगडाची कड झिजून गुळगुळीत झाली होती, जात्याच्या तोंडासारखी. खुंटी काळीभोर होती आणि तिच्या डोक्यावर ठोकून ठोकून लाकडाचे तंतू फुलासारखे पसरले होते.

"कोन्ती खुंटी कवा काढाची, ते पान्यानंच सांगतला आहे," काकाजी म्हणाले. वरची आधी. पाणी तिच्या खाली गेलं की दुसरी. भारी धान लोंबीवर येतो तेव्हा पावसाचा भरवसा नसतो, त्या वेळी खालची. मी विचारलं, "आणि त्याच्याही खालचं पाणी?"

"त्याच्याखाली भोकच नाही जी. तो पानी कोनाच्या बांधीचा नाही. तो ढोरायचा, मासोरीचा."

हे ऐकून मी बराच वेळ काठावर बसलो. सगळ्यात खालचं भोक बोडीच्या तळापासून वर ठेवलेलं होतं. बांधणाऱ्याने शेताला हक्क दिला आणि त्या हक्काला एक उंचीही ठरवून दिली. त्याखालचं पाणी कितीही टंचाई आली तरी पाटात उतरणारच नाही, अशी सोय दगडातच करून ठेवली. बांधीवाला आणि जाळंवाला यांच्यात दरवर्षी भांडण झालं असतं, ते त्याने आधीच मिटवलं होतं. एका कारागिराने ठेवलेली ती उंची मला कोणत्याही सनदेपेक्षा मोठी वाटली. अजून ती पाळली जाते. उन्हाळ्यात म्हशी त्या पाण्यात बसतात, आणि मरळ त्याच्या चिखलात जीव धरून राहते.

1951 साली मालगुजारी गेली आणि मालगुजारांकडचे तलाव सरकारकडे आले. पुढे लहान जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. तेव्हापासून कागदावर त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. लहानपणी मला ते खरोखर कुणा मामाचे वाटायचे. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यात मला शंका नाही. पण पाळीवर माती टाकायला, गाळ उपसून बांधीत पसरायला गाव उन्हाळ्यात एकत्र यायचं, ते हळूहळू थांबलं. तळ गाळाने वर आला. काठांवर बेशरमाची झुडपं माजली. तळ वर आला की खालच्या भोकाखालचं पाणीही कमी होतं, म्हणजे ढोरांचा आणि मासोरीचा वाटा. हे नुकसान कोणत्याही अहवालात हेक्टरमध्ये मांडता येत नाही, म्हणून मला ते जास्त लागतं. अलीकडे काही गावांत ढिवर आणि शेतकरी मिळून बोड्यांचा गाळ, वनस्पती, मासे यांच्याकडे पुन्हा लक्ष देऊ लागले आहेत. अशा गावातून चालताना पाय आपोआप हळू पडतात.

नवेगावचं जंगल 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, पक्षी यांच्यामुळे नवेगावचं नाव दूरवर गेलं, ते छानच झालं. येणाऱ्या पाहुण्याला माझी विनंती एवढीच, की एक सकाळ पाळीवरून खाली उतरावं आणि पाट जिथे नेईल तिथवर जावं.

काकाजींना तुडुमाच्या तिसऱ्या भोकात पाझर सापडला होता. त्यांनी तणसाची मूठ पिळली, तिला चिकणमाती लावली आणि खुंटीभोवती दाबून बसवली. मग दगडाने दोन ठोके दिले. पाळीच्या बाहेरच्या अंगाला, पाटात, बारीक धार पडत होती तिचा आवाज मला तोवर ऐकू आलाच नव्हता. तो थांबला तेव्हा कळला. काकाजींनी ओले हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "चला, चाय घेऊ."