अंधाराशी फुली-गोळा

फ्रीलान्सर या शब्दातला ‘फ्री’ लोक फारच मनावर घेतात. नोकरी नाही, म्हणजे हिला वेळच वेळ! गॅसवाला येणार आहे, कुरिअर घ्यायचंय, सोसायटीच्या मीटिंगला कुणीतरी बसायला हवं... सगळ्यांना आधी मी आठवते. त्यामुळे जिजू सहा महिन्यांसाठी टेक्सासला ऑनसाइट गेले आणि ताईचे कॉल्स नेमके संध्याकाळी सात ते नऊ लागायला लागले, तेव्हा मंगळवार-गुरुवारची बेबीसिटिंगची ड्युटी कुणाच्या गळ्यात पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. कोथरूड ते वाकड, तेही संध्याकाळी. ज्यांना तो रस्ता माहितीये त्यांनी कृपया दोन मिनिटं शांतता पाळावी.

भाची पाच वर्षांची. इथे तिला ठमी म्हणूया, कारण खरं नाव छापलं तर ताई मला घरात घेणार नाही. ठमी बडबडी आहे, भोचक आहे, पोळीला तूप कमी पडलं तर तेही सांगते. पण जिजू गेल्यापासून तिने एक नवीन प्रकरण सुरू केलं होतं. हॉलमधून बेडरूमकडे जाणारा पॅसेज. मोजून आठ पावलं. दिवस मावळला की ती त्या आठ पावलांत एकटी पाय टाकेना. आधी पॅसेजचं खातं जिजूंकडे होतं. ते पुढे जायचे, दिवा लावायचे, ‘लाइन क्लिअर!’ असं ओरडायचे, मग बाईसाहेब निघायच्या. आता बटण तेच, दिवा तोच, पण ओरडणारा माणूस साडेदहा-साडेअकरा तास मागे! ताईने प्लगमध्ये लावायचा छोटा दिवा आणला, चांदण्या चमकणारे स्टिकर लावले, एकदा चिडून ‘काही नसतं तिथे’ असंही झालं. पाच वर्षांच्या पोरीला ‘काही नसतं’ सांगून चालत नाही हो. काही नसतं म्हणूनच तर भीती वाटते.

दुसरीकडे टॅबवर एक लर्निंग अॅप होतं. वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलेलं, त्यामुळे ते वसूल करण्याची जबाबदारीही माझ्याकडे. अक्षर ओळखा, टिक करा, स्टार मिळवा. एक दिवस चुकला की त्यातला पोपट रडतो. मी सांगते, त्या पोपटाचं रडणं ऐकून मलाच गिल्टी वाटायचं. ठमी मात्र फंडा ओळखून होती. उत्तर येत नसलं की चारही पर्याय पटापट दाबायचे, एक तर बरोबर निघतोच. स्टार मिळाला, चला पुढे!

अशाच एका गुरुवारी मला ‘पजामा सॅम’ आठवला.

नव्वदच्या दशकात शेवटी जन्मलेल्या आणि घरी सीडी ड्राइव्हवाला कॉम्प्युटर असलेल्या काहींना तरी हे नाव माहीत असेल. निळ्या केसांचा पोरगा, अंगात नाइट ड्रेस, पाठीवर लाल केप. आमच्या घरी ती सीडी न्यू जर्सीच्या आत्याने आणली होती. मी तेव्हा मराठी मीडियमची पहिलीतली, गेम अस्सल अमेरिकन इंग्रजीत. एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी तो जाम खेळले. (पायजमा हा मूळचा आपल्याकडचाच शब्द, फारसी-हिंदुस्तानीतून साहेबाने नेलेला. तो ‘पजामा’ होऊन सीडीवरून परत आला, हे मला फार नंतर कळलं. असो.)

या गेमच्या मागची मंडळी इंटरेस्टिंग आहेत. रॉन गिल्बर्ट हा प्रोग्रॅमर आधी जॉर्ज ल्यूकस यांच्या, म्हणजे ‘स्टार वॉर्स’वाल्यांच्या, गेम कंपनीत होता. १९८७चा ‘मॅनिअॅक मॅन्शन’ आणि १९९०चा ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हे त्याचे गाजलेले अॅडव्हेंचर गेम्स. १९८९मध्ये त्याने एक लेखही लिहिला होता, अॅडव्हेंचर गेम्स इतके वैताग का देतात यावर. त्याचं म्हणणं साधं होतं. खेळणाऱ्याला उगाच मारू नका, आणि पुढे जाताच येणार नाही अशा गल्लीत त्याला अडकवू नका. १९९२मध्ये त्याने शेली डे हिच्याबरोबर लहान मुलांसाठी ह्यूमंगस एंटरटेनमेंट ही कंपनी काढली. आधी ‘पट-पट’ नावाची जांभळी गाडी आली, मग १९९४मध्ये ‘फ्रेडी फिश’ नावाची डिटेक्टिव्ह मासोळी, आणि १९९६मध्ये आमचा सॅम. ज्या स्कम नावाच्या सिस्टिमवर मोठ्यांचा मंकी आयलंड चालायचा, तीच इथे लहानांसाठी वापरली होती. पुढे कंपनी विकली गेली, विकत घेणाराही विकला गेला, वगैरे नेहमीची स्टोरी. पण गेम्स टिकले. स्कमव्हीएम नावाचा एक प्रोग्रॅम जगभरचे हौशी लोक २००१पासून फुकट बनवतायत, त्यावर या जुन्या सीडी अजून पळतात. आणि २०१४पासून हे गेम्स स्टीमवर सरळ विकत मिळतात. मी सेलमध्ये घेतला. एका कॉफीचे पैसे, बस्स.

आता गोष्ट ऐका. सॅमला अंधाराची भीती वाटते. त्याचा आवडता कॉमिकमधला हीरो ‘पजामा मॅन’ कुणालाच भीत नाही, तर मग आपण का? म्हणून सॅम ठरवतो, अंधाराला पकडायचं. डब्यात कोंबायचं! मास्क, टॉर्च आणि लंचबॉक्स घेऊन तो स्वतःच्या कपाटात शिरतो आणि थेट अंधाराच्या देशात जाऊन पडतो. तिथली बोलणारी झाडं त्याला धरतात आणि तिन्ही वस्तू जप्त होतात. त्या शोधायच्या आणि अंधाराच्या घरी पोचायचं, एवढाच गेम.

वाचता येण्याची गरज नाही, सगळं बोलून होतं. एकच बटण. घड्याळ नाही, पॉइंट्स नाहीत, ‘गेम ओव्हर’ नाही. नुसतं चित्रावर कुठेही क्लिक करा, काहीतरी घडतं. दगड गाणं म्हणेल, फूल शिंकेल. ठमीने पहिला अर्धा तास फक्त हेच केलं. मी आपली ‘चल, पुढे जाऊ’ म्हणतेय, आणि ती एकाच ठिकाणी चौदा वेळा क्लिक करून चौदा वेळा हसतेय.

भाषेचा प्रश्न माझ्याकडे आला. मी बाजूला बसून लाइव्ह डबिंग करायला लागले. मास कॉमच्या डिग्रीचा इतका थेट उपयोग अजून कुठल्याच एडिटरने करून घेतलेला नाही. झाडांना मी पुणेरी केलं, जप्तीचं काम त्यांना शोभतं. पण ‘डार्कनेस’चं काय करायचं? इंग्रजीत ते नुसतंच एक नाव. मराठीत अंधार म्हटल्या म्हटल्या तो ‘तो’ होतो, चांगला बाप्या माणूस! ठमीने एका मिनिटात त्याला नातंही दिलं. अंधारकाका. पकडायला निघालो होतो व्हिलनला आणि झाले काका.

मला आठवत होतं की टॉर्च कुठे असतो. मोठ्या रुबाबात तिला तिकडे नेलं, तर तिथे टॉर्च नव्हताच. कारण दर नव्या गेमला वस्तूंच्या जागा बदलतात. आठवणीतलं उत्तर चालत नाही, पुन्हा शोधावंच लागतं. मावशीलाही माहीत नाही, यावर ठमी इतकी खूश झाली की विचारू नका.

आणि मग भेटला ऑटो. ऑटो ही लाकडी होडी आहे. तो पाण्यात उतरत नाही, कारण आपण बुडणार अशी त्याची पक्की खात्री. लाकूड तरंगतं यावर त्याचा विश्वासच नाही. सॅमने कितीही सांगितलं तरी नाही. इथे आमची गाडी दोन आठवडे अडली. ठमीने ऑटोला समजावलं, रागावली, गाणं म्हणून दाखवलं. मला उत्तर ठाऊक होतं आणि ते न सांगणं हे त्या दोन आठवड्यांतलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. अॅपवर सवय झालेली ना, चार पर्याय दाबायचे. इथे पर्यायच नाहीत! दुसऱ्या गुरुवारी ती अचानक उठली, स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि बाथरूममधल्या बादलीत टाकलं. तरंगलं. मग पोळपाट. मग चमचा, तो बुडाला. मग स्टीलची वाटी, आणि ती तरंगली!

‘चमचा बुडला, मग वाटी का नाही?’

मी सांगितलं की वाटी तिच्या पोकळ पोटाने भरपूर पाणी बाजूला सारते, म्हणून पाणी तिला उचलून धरतं. तिने वाटीत थेंबथेंब पाणी घालायला सुरुवात केली, ती बुडेपर्यंत. चार वेळा. मग ओल्या फ्रॉकनेच लॅपटॉपपाशी येऊन म्हणाली, ‘ऑटोला सांगायचं नाही, दाखवायचं.’ सॅमने एक फळी मिळवून पाण्यात टाकून दाखवायची असते, हेच त्या कोड्याचं उत्तर. फळी तरंगली, ऑटो पाण्यात उतरला, आणि वाकडच्या त्या फ्लॅटमध्ये वर्ल्डकप जिंकल्यासारखा आरडाओरडा झाला. ताई कॉल म्यूट करून बाहेर आली. ‘बाथरूमपासून इथपर्यंत पाणी कुणी सांडलं?’

त्या रात्री जेवताना ताईने विचारलंच. ‘पण याच्यातून ती नक्की शिकते काय गं?’ प्रश्न खवचट नव्हता. शाळेच्या ग्रुपवर रोज कुणाचं तरी पोर शंभरपर्यंत उलटं म्हणतं, कुणी इंग्रजी पुस्तक वाचतं. ताई एकटी घर, नोकरी, फी, कॉल्स ओढतेय. अॅप तिला आठवड्याला रिपोर्ट पाठवतं, इतके शब्द झाले, इतके टक्के प्रगती. माझ्याकडे दाखवायला काय होतं, तर ओलं लाटणं. मी म्हटलं, अॅप बंद नको करूस, सकाळी करू दे. गुरुवार माझे. ताई ‘बघू’ म्हणाली. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे साधारण हो.

शेवट आम्ही नोव्हेंबरमध्ये गाठला. तिन्ही वस्तू मिळाल्या, अंधाराच्या घरात शिरलो, त्याच्या बेडरूमपर्यंत पोचलो. ठमी माझ्या मांडीवर. आता पकडापकडी होणार म्हणून तिने माझा हात घट्ट धरलेला. आणि कळतं काय, तर अंधार एकटा आहे. सगळे त्याला घाबरून पळतात, त्याच्याशी खेळायला कुणीच नाही. मग सॅम आणि तो दोघं खेळायला बसतात. डबा-बिबा सगळं राहून जातं.

ठमी काही बोलली नाही. ती गप्प बसली की मला भीती वाटते. थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्याचे बाबा पण ऑनसाइट गेलेत?’

यावर डबिंग आर्टिस्टने काय बोलावं? मी म्हटलं, माहीत नाही गं, गेममध्ये नाही सांगितलेलं.

साडेआठला जिजूंचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, त्यांच्यामागे खिडकीतून लख्ख ऊन. ठमीने ते बराच वेळ पाहिलं. मग आपल्या खिडकीबाहेर पाहिलं. ‘बाबा, तुमच्याकडचा अंधार संपला?’ ते म्हणाले, हो, मघाशीच गेला. ‘आमच्याकडे आलाय,’ ती म्हणाली, पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तशी. जिजू हसायला गेले आणि मग त्यांनी कॅमेरा जरा दुसरीकडे वळवला. ताई तेव्हा दारात उभी होती. तिचा कॉल अजून चालू होता, हेडफोन गळ्यात.

पॅसेजची भीती गेली का? अजिबात नाही. अजूनही कुणीतरी सोबत लागतं, दिवाही लागतो. फरक इतकाच की आता जाताना ठमी त्याच्याशी बोलते. ‘अंधारकाका, सरका जरा, सू-ला जायचंय.’ आणि मागच्या मंगळवारी झोपण्याआधी तिने एका कागदावर फुली-गोळ्याचा चौकोन आखला, फुली काढली, आणि माझा हात धरून तो पॅसेजच्या मधोमध नेऊन ठेवला. वर पेन्सिल. आपली खेळी झाली, आता त्याची.

मी घरी पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. व्हॉट्सअॅपवर ताईने त्याच कागदाचा फोटो टाकला होता. ‘हिने फुली मधल्या चौकोनात टाकलीये. मी गोळा कुठे टाकू? सरळ हरायचं का?’

मी लिहिलं, कोपऱ्यात टाक. मधल्या फुलीला कोपऱ्यातून उत्तर दिलं की डाव बरोबरीत सोडवता येतो, आणि मग उद्या नवा मांडावा लागतो.