वर्षाचं सामान

मे महिन्यात जालन्यात कोणतं पुस्तक वाचावं, याबद्दल माझा एक नियम आहे. पारा चाळिशीच्या वर गेला की बर्फाचं वाचायचं. कूलरला पाणी लागतं आणि पाण्याला नळाची वाट बघावी लागते. जॅक लंडनला यातलं काहीच लागत नाही. रात्री गच्चीवर सतरंजी टाकावी आणि 'टू बिल्ड अ फायर' ही त्याची गोष्ट उघडावी. युकॉनचा मुलूख, तपमान फॅरनहाइटच्या शून्याखाली पंचाहत्तर, म्हणजे आपल्या हिशेबानं उणे ५९. माणूस थुंकला तर थुंकी जमिनीवर पडायच्या आधी हवेतच तडकते. इथपर्यंत आलो की मी चादर ओढून घेतो. सौभाग्यवती कपाळाला हात लावून बघतात. माझ्या, आणि मग स्वतःच्या.

गोष्ट तशी लहान आहे. एक माणूस आणि एक कुत्रा भर थंडीत छावणीकडे निघतात. एवढ्या थंडीत एकट्यानं निघू नये, असं एका म्हाताऱ्यानं त्याला बजावलेलं असतं. हा मनात हसतो. पुढे बर्फाखालच्या पाण्यात पाय जातो, मोजे भिजतात, पाय गोठू लागतात. शेकोटी पेटवतो ती नेमकी झाडाखाली. वरच्या फांद्यांवरचा बर्फ कोसळतो आणि शेकोटी विझते. मग बधिर बोटांनी काड्या पेटवायची धडपड. शेवटी माणूस मरतो आणि कुत्रं छावणीच्या वाटेला लागतं. बस्स. पण त्या काडेपेटीचं वर्णन वाचताना मी श्वास धरून बसतो, आणि तेही दरवर्षी.

लंडननं हा मुलूख घरबसल्या लिहिलेला नाही. १८९७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो क्लोंडाइकला सोनं शोधायला गेला होता. तिथे सोनं सापडल्याची हाकाटी झाली आणि हजारो माणसं नोकऱ्या सोडून निघाली. (नोकरी सोडून निघावंसं मलाही दर सोमवारी वाटतं, पण ती गोष्ट वेगळी.) कॅनडाच्या पोलिसांनी मात्र चिलकूट घाटाच्या माथ्यावर चौकी टाकली आणि हुकूम काढला की वर्षाचं सामान बरोबर असल्याशिवाय कुणालाही पुढे सोडायचं नाही. सगळं मिळून टनभर ओझं. ते एका खेपेत थोडंच जातंय! त्यामुळे तोच बर्फाचा घाट माणसं पाठीवर पोती घेऊन पुन्हा पुन्हा चढत राहिली.

हे वाचलं तेव्हा मला परदेशातलं काही वाचतोय असं वाटेना. आमच्या घरी मार्च लागला की हाच हुकूम निघतो. गहू, ज्वारी, तुरीची डाळ, हळद, वर्षाचं तिखट. मोंढ्यातून पोतं आणायचं आणि दुसऱ्या मजल्यावर चढवायचं. जिन्याच्या माथ्यावर सौभाग्यवती चौकी टाकून उभ्याच. पुढे गच्चीवर कुरडया, पापड, शेवया यांचं वाळवण आणि राखणीला आम्ही. 'दुकानं काय बंद पडणार आहेत?' असं मी एकदाच विचारलं होतं. त्यावर सासूबाईंनी 'बहात्तर साल तुम्ही बघितलं नाही', एवढंच म्हटलं आणि पोतं मोजायला घेतलं.

लंडनला तिकडे ताजी भाजी नाही, लिंबू नाही, म्हणून स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजल्या आणि १८९८ साली स्वारी परत आली. सोनं सांगण्याजोगं काही नाही. आमच्या बी.कॉम.च्या भाषेत निव्वळ तोटा. पण तिथली गोष्ट त्यानं सोडली नाही. १९०३ साली 'द कॉल ऑफ द वाइल्ड' आली आणि नाव झालं.

आता गंमत बघा. त्याच १९०३ साली इकडे पुण्यात बर्फावरचं दुसरं एक पुस्तक निघालं, 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज', आणि लेखक कोण, तर लोकमान्य टिळक! लोकमान्य उत्तर ध्रुवाकडे कधी फिरकलेसुद्धा नव्हते. १८९७-९८ च्या तुरुंगवासात मॅक्समुल्लरनं पाठवलेला ऋग्वेद मात्र हाताशी होता. त्यातल्या उषेच्या सूक्तांत पहाट संपता संपत नाही. एवढी लांब पहाट पुण्यात होत नाही, तेव्हा ती ध्रुवाजवळची असली पाहिजे आणि आपले पूर्वज तिथेच राहत असले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. विद्वान आज हा हिशेब मान्य करत नाहीत. पण त्या पुस्तकात पारशांच्या अवेस्तातली जी कथा येते, तिच्यासाठी मी तो ग्रंथ दोनदा वाचला. प्राणघातक हिवाळा येणार, असं अहुर मज्द यिमाला आधीच सांगतो. यिम म्हणजे आपल्या यमाचाच इराणी अवतार. आणि हुकूम देतो की, एक मोठं आवार बांध. त्यात माणसं, गुरं, कुत्री, पाखरं आणि झाडाझुडपांचं बियाणं नेऊन ठेव.

बियाणं! आमच्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथंच काढली आणि तेव्हापासून जालना बियाण्यावरच ओळखलं जातं. नॉर्वेनं तर २००८ साली ध्रुवाजवळच्या स्वालबार्डमध्ये डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांचं कोठार उघडलं. म्हणजे यिमाचीच योजना, फक्त कुत्री आणि पाखरं वगळून.

हे सगळं मी एकदा बँकेत सांगून बसलो. सर्व्हर बंद पडला होता. आमच्याकडचं हिमवादळ ते हेच. काउंटरपुढे अंबडकडचे एक मामा पासबुक धरून उभे होते, त्यांची नजर माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेली.

"सायेब, कापूस लई जोरात फुटलाय."

"कापूस नाही मामा, बर्फ आहे." मग सांगितली सगळी गोष्ट. मामांनी काउंटरवर कोपर टेकून ऐकली.

"झाडाखाली काहून पेटवली त्यानं शेकोटी?" पहिला प्रश्न. समीक्षक सापडला म्हणून मला आनंद झाला. दुसरा प्रश्न जरा थांबून आला. "आन् एकटाच काहून निघाला?"

"त्याला वाटलं, जमेल."

मामा पासबुकाचा कोपरा सरळ करत राहिले. म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला होतं. (१९७३ च्या मे महिन्यात राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती.) कामावर सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. "माय भाकरी मोजून द्यायची. पर सगळे बसल्याबिगर तुकडा मोडू देत नव्हती. आमचा थोरला कटाळला. म्हनला, खडी फोडून का पोट भरतं? मी म्हमईला जातो. सोबतीला दोघं निघत व्हते, त्यायची वाट बी पाह्यली नाही. एकटाच गेला."

"मग?"

"अजून यायचाय."

मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी लंडनची बाजू सावरायला गेलो. म्हटलं, "मामा, ही गोष्ट त्यानं दोनदा लिहिली. १९०२ साली लिहिली त्यात शेकोटी पेटते आणि माणूस वाचून परत येतो. १९०८ साली पुन्हा लिहिली, तेव्हा मारला. लोक दुसरीच चांगली मानतात."

"पहिलीच खरी असंल," मामा म्हणाले.

"ती कशी?"

"एकटाच व्हता ना? मंग मेला, हे येऊन सांगितलं कुनी? कुत्र्यानं?"

तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला. मी मामांचं पासबुक यंत्रात घातलं आणि नोंदी छापून त्यांना परत दिलं.