उलाळ

आमच्या दिंडीच्या गाडीला आई ‘पाळणा’ म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, कौतुक चाललंय. पण त्या शब्दामागं खंबाटकीच्या बोगद्यापुढं झालेली एक उलटी होती आणि आठ दिवसांचं अंथरूण होतं. ती हकिकत घरात कुणी काढत नसे. तीही काढायची नाही. नुसतं ‘पाळणा’ म्हणायची आणि माझ्याकडं बघायची.

साल २०११. माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर अशा सव्वीस वाऱ्या आईनं पायी केलेल्या. आदल्या दिवाळीत ओसरीच्या पायरीवरून घसरली आणि कमरेचा मणका दबला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, थोडं थोडं चालायला हरकत नाही, पण ओझं उचलायचं नाही आणि दचका तर अजिबात बसू द्यायचा नाही. आईनं विचारलं, “मग माझ्या वारीचं कसं?” डॉक्टरांनी चष्मा पुसला.

दादाकडं जुनी टाटा ४०७ होती. भाजीपाला वाहून थकलेली. तो म्हणाला, औंदा हीच दिंडीला लावू आणि हिच्यातच म्हाताऱ्यांची सोय करू. पालखीची वाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असतं, की दिंडीतली माणसं पायी असतात आणि दिंडीचा संसार गाडीत असतो. राहुट्या, भांडी, पीठमीठ, वळकट्या, औषधं, सगळं पुढच्या मुक्कामाला आधी जाऊन थांबतं. आम्ही तिचं खरोखरच घर केलं. मागं पत्र्याची बंदिस्त बॉडी, दोन्ही अंगांना झोपायची फळकुटं, उजवीकडं शेगडीचा ओटा, खाली सिलिंडर, टपावर कॅरिअर, त्यावर राहुट्यांचे बांबू आणि ताडपत्र्या. आणि अगदी शेवटाला, मागच्या दारालगत, पाचशे लिटरची काळी टाकी. टाकी मागं ठेवायची सूचना माझी. तोटी बाहेर काढता येते, माणसांना पाण्यासाठी आत चढावं लागत नाही. त्या तोटीचं मला फार कौतुक होतं. गावातल्या चार जणांना मी ती उघडून दाखवली.

वैशाखात आळंदीला एक फेरी मारून बघू म्हणून निघालो. दादा चालवत होता, मी शेजारी, आई-अण्णा मागं. साताऱ्यापर्यंतच दादा म्हणायला लागला, “स्टेअरिंग हलकं लागतंय रे. हातात कायी येतच न्हाई.” मला ते चांगलंच वाटलं. हलकं म्हणजे सोपं, अशी माझी समजूत. साताऱ्यात चहाला थांबलो तेव्हा बरोबरच्या माणसांनी हातपाय धुतले, टाकी निम्मी झाली.

खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याच्या बाजूला उतार लागतो आणि उतारावरच ते एस वळण. त्या वळणानं किती घरं बसवलीत ते त्या रस्त्याच्या माणसांना विचारावं. आम्ही चाळिशीच्या आतबाहेर होतो. पहिल्या वळणाला गाडी झुकली. इथवर ठीक. पण टाकीतलं निम्मं पाणी एका अंगाला गेलं, वरचे बांबूही त्याच अंगाला ओढायला लागले, आणि ती झुकलेली सरळ व्हायच्या आत दुसरं, उलटं वळण आलं. मग ती अशी काही दुसरीकडं कलंडली, की मला दादाच्या खिडकीतून नुसता डांबरी रस्ता दिसला. मागं भांड्यांचा खणखणाट. एका कंटेनरनं लांबलचक हॉर्न दिला. दादानं कशीबशी सावरली आणि पुढं सपाटीला कडेला घेतली.

मागचं दार उघडलं. आईनं फळकुटाची कड दोन्ही हातांनी धरली होती. उतरवून घेतली, तिथंच ओकली. चूळ भरली. पदरानं तोंड पुसत म्हणाली, “मी यष्टीनं जाते माघारी.” ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती एसटीनंच आली, अण्णा तिच्याबरोबर.

आता यावर उपाय काय? तालुक्याला एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, “मागचे पाटे बसलेत. दोन जादा टाका, दगडासारखी उभी राहील.” दादाला शंका होती. मीच म्हणालो, टाकू. झुकते म्हणजे ताकद कमी पडते, ताकद वाढवली की झुकायची थांबणार, असा माझा सरळ हिशेब. मागच्या दोन्ही कमानींत एकेक जाड पाटा वाढवला. गाडीचा मागचा भाग चार बोटं उचलला गेला. आणि झुकणं खरंच कमी झालं. मी घरी येऊन आईला सांगितलं, आता बस, आता काही होत नाही.

दगडासारखी उभी राहील असं तो बोलला होता, ते खरंच होतं. पुसेगावपर्यंतच नेली आईला. रस्ता काही वाईट नव्हता, पण प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं लाथ मारल्यासारखी उसळत. मधे मी दोनदा विचारलं, “आई, बरं आहे ना?” “हाय,” म्हणाली. घरी उतरताना तिचं पाऊलच जमिनीला लागेना. आठ दिवस ती उठली नाही. मी शेजारच्या खोलीत झोपायचो. रात्री ती कूस बदलायची तेव्हा आधी श्वास धरून ठेवायची, मग एकदम सोडायची. तो श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. पालखीचं प्रस्थान महिन्यावर आलं होतं.

या सगळ्यात अण्णांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली, उसाच्या खेपा केल्या. मोटारीतलं त्यांना काय कळणार? एका संध्याकाळी ते ओट्यावर बसून गाडीकडं बघत होते. मला म्हणाले, “ती टाकी भर बरं.” मोटर लावली, टाकी भरत गेली. अण्णा मागं बघत नव्हते, पुढं बघत होते. टाकी भरल्यावर उठले, पुढच्या चाकावर, चाक आणि मडगार्ड यांच्या मधे, वीत घालून बघितली.

“गुरुजी,” मला चिडवायचं असलं की ते गुरुजी म्हणत, “नाक वर झालं हिचं. आरं, ही उलाळ हाय.”

ज्यांनी बैलगाडी जुंपलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत माल मागं जास्त भरला, की आस खालून टेकू झाल्यासारखा होतो, मागचं बूड खाली जातं आणि जू वर उचललं जातं. जुपण्या बैलांच्या गळ्याला लागतात. पाय रोवायला त्यांच्या मानेवर थोडा भार लागतो, तो राहत नाही. बैल ओढतात पण वळवल्या दिशेला गाडी जात नाही. तीच उलाळ गाडी. जाणता गाडीवान पोती पुढं सरकवत जातो आणि मधेमधे जू हातानं उचलून बघतो. फार हलकं नको, फार जडही नको.

मी वीस वर्षं सातवीच्या वर्गात तरफ शिकवत होतो. फळ्यावर काठी, टेकू आणि भार काढून. त्या रात्री वहीत गाडी काढली. दोन ॲक्सलमधलं अंतर दहा फूट. टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागं चार फूट. पाणी पाचशे किलो. पाचशेला चारानं गुणा, दहानं भागा : दोनशे. म्हणजे ही टाकी मागच्या चाकांवर पाचशे नव्हे, सातशे किलो घालत होती आणि पुढची चाकं दोनशे किलोंनी उचलत होती. दादाच्या हाताला स्टेअरिंग हलकं लागत होतं ते यामुळं. आणि मी त्यावर पाटे वाढवले होते.

दुसऱ्या दिवशी धर्मकाट्यावर गेलो. काटेवाल्याला वाटलं आम्ही खुळे. आधी पुढची चाकं चढवली, मग सगळी गाडी, मग पुढची उतरवून नुसती मागची. पुढं १३१०, मागं ३५९०. मग एका अंगाची चाकं चढवून बघितली, तर ओट्याकडची बाजू दीडशे किलोंहून जड. तिथून साताऱ्याला कमानवाल्या चाचांकडं.

चाचांनी चिठ्ठी वाचली, गाडीखाली सरकले, पहार घालून एकेक ठिकाण हलवून बघितलं. बाहेर येऊन म्हणाले, “जादा पाटा कुणी घातला? त्याला बसवा यात आणि फिरवा.” मी गप्प. त्यांनी मग जे केलं ते दोन दिवस मी शेजारी बसून पाहिलं, आणि सांगायचंच तर शाळेत न मिळालेलं शिक्षण ते.

कमान खोलून पाटे जमिनीवर क्रमानं मांडले. गॅरेजवाल्याचं निदान अर्धं खरं होतं : जुने पाटे सपाट झाले होते, आणि तिसऱ्याला केसाएवढी चीर होती. जुन्यांचं दुखणं न काढता वर नवा लादला होता. चीर गेलेला बदलला. बाकीचे भट्टीत लाल करून, घण मारून पुन्हा वळण दिलं. एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणून, मधलं अंतर मोजून डावी-उजवी कमान जुळवली. मग तेलात विझवले, परत थोडे तापवले. “नुसता विझवला तर काचेसारखा मोडतो,” म्हणाले. पाट्यांच्या मधे ग्राफाइटचं ग्रीस चोपडलं, म्हणजे ते एकमेकांवर सरकतात आणि कमान मऊ चालते. शॅकलचे बुश एवढे झिजले होते, की पिन खुळखुळ्यासारखी वाजत होती. वळणावर गाडी झुकायच्या आधी तेवढी आडवीच सरकत होती. ते सगळे नवे. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून कोरडे. चाचांचं म्हणणं साधं होतं : दचका कमान झेलते, पण झेलल्यावर तिला गप्प बसवायचं काम शॉकअपचं. गतिरोधकावरून गेल्यावर गाडी एकदा हलून थांबली पाहिजे. तीन-तीनदा हलत राहिली तर तो मेलेला समजायचा.

वाढवलेले दोन्ही पाटे काढून कोपऱ्यात टाकले.

गावी येऊन आमचं काम आम्ही केलं. टाकी काढली. मागच्या ॲक्सलच्या पुढं, दोन फुटांवर, अडीचशेच्या दोन टाक्या बसवल्या, एक डावीकडं, एक उजवीकडं. पाणी एकदम एका अंगाला पळायला नको म्हणून. वापरायचं तेही दोन्हींतून सारखं, आणि चालत्या गाडीत शक्यतो टाक्या गच्च भरलेल्या किंवा पार रिकाम्या. सिलिंडर ओट्याच्या समोरच्या बाजूला गेले. टपावरचे बांबू खाली मधोमध जमिनीला बांधले. राहुट्यांचं अर्धं ओझं दुसऱ्या टेम्पोत. माझी तोटी गेली. तिच्या जागी नळी आली, जी ओढून बाहेर काढावी लागायची आणि दरवर्षी कुणीतरी तिला अडखळून पडायचं. परत काट्यावर : पुढं १६४०, मागं ३१९०. टायरांत हवाही या वजनांच्या हिशेबानं भरली. आधी सगळ्यांत सारखीच ठासलेली होती, पुढची चाकं नुसती टणाटण उडायची. चाकांचं अलाइनमेंट सगळ्यात शेवटी केलं, कारण उंची बदलली की ते बदलतं. आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर चाचांनी बजावल्याप्रमाणं यू-बोल्ट पुन्हा आवळले. अर्धा वळसा बसले.

आईला बस म्हणायची माझी छाती नव्हती. अण्णांनीच विषय काढला. आई म्हणाली, “तुमी बसा आधी.” अण्णा एकटे मागं फळकुटावर आडवे होऊन पुसेगावला जाऊन आले. उतरून म्हणाले, “गाडीवान बरा मिळाला.” एवढंच. त्यावर ती तयार झाली.

एस वळण पुन्हा आलं तेव्हा दादा तिशीवर होता. मी मधल्या खिडकीतून मागंच बघत होतो. गाडी झुकली, थोडी, आणि वळणाबरोबर सरळ झाली. दुसऱ्या वळणालाही तशीच. आईनं कड धरली होती. शिरवळ आल्यावर सोडली.

त्या वारीत ती बरीचशी गाडीत होती, पण रोज सकाळी थोडं चालायची, चांदोबाच्या लिंबाला रिंगणाजवळ उतरून उभी राहिली, आणि वाखरीपासून पुढं ऐकलंच नाही, पायीच गेली. कंबर दुखली का, विचारलं तर “दुखणारच की” म्हणाली. नंतर आणखी चार वाऱ्या केल्या. लोणंदला एकदा शेजारच्या दिंडीचा ड्रायव्हर सांगत आला, गाडी फार लचकते, पाटे वाढवू का? अण्णा काठी टेकत त्याच्या गाडीभोवती फिरले आणि विचारलं, “पाणी कुठं भरता?”

ते काढलेले दोन पाटे चाचांनी परत दिले होते. लोहाराकडून एकाचे दोन कोयते करून घेतले, दुसऱ्याची विळी. पाट्याचं पोलाद, धार लवकर जात नाही. ती विळी दिंडीत असते, दोन-दोन भोपळे एका बैठकीत कापते. आईच त्या विळीवर बसायची. मी समोरून गेलो की म्हणायची, “ही तुझी बरं का, गुरुजी. इथं कामाला आली.”