अडलेलं चाक
गेल्या श्रावणात सासूबाईंना दम लागला. हे परगावी. त्यांना कशीबशी आमच्या जुन्या गाडीत बसवलं, तर स्टिअरिंग घट्ट अडकलेलं, किल्लीही फिरेना! (आदल्या दिवशी चिरंजीव त्या चाकाशी खेळले होते.) किल्ली पिरगाळणार, तोच मागून धापा टाकत सासूबाई म्हणाल्या, "अगं, कडी अडकली की दार ओढून धरतेस ना?"

किल्ली काढल्यावर चाक फिरवलं, की चोरांसाठी ठेवलेला आतला दांडा खाचेत बसतो. चाकाचा ताण त्यावर असला तर किल्ली हलत नाही. जोर केला तर मोडते मात्र. एका हातानं चाक डावी-उजवीकडे हलकेच हलवत दुसऱ्या हातानं किल्ली फिरवली. खट्कन सुटलं!

दवाखान्यात सासूबाईंनी डॉक्टरांना आधी कडीचं सांगितलं, दम्याचं नंतर.