उजवीकडे दुखतंय, पण अपेंडिक्स नाही!

पोटात उजवीकडे खाली दुखू लागलं की आपल्याकडे निदान घरीच होतं, ‘अपेंडिक्स असणार!’ पुष्कळदा ते खरंही निघतं. पण कधी कधी सीटी स्कॅनचा रिपोर्ट वेगळंच नाव सांगतो: उजव्या बाजूचा डायव्हर्टिक्युलायटिस.

मोठ्या आतड्याच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत असली, की सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा फुगा बाहेर येतो. नुसत्या फुग्याचा सहसा त्रास नसतो. त्याला सूज आली, जंतुसंसर्ग झाला, की हा आजार होतो. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा डाव्या बाजूला दिसतो, आशियाई लोकांत उजव्या बाजूला जास्त. अपेंडिक्स अगदी शेजारीच, त्यामुळे नुसतं पोट दाबून दोन्हींतला फरक सांगणं अवघड. म्हणून देवळ्याहून स्कॅनसाठी मालेगावला किंवा नाशिकला पाठवलं, तर ‘डॉक्टर उगाच खर्चात पाडतात’ असं मनात आणू नका. अपेंडिक्स काढणं तुलनेनं छोटं ऑपरेशन. इथे मात्र आतड्याचा उजवा भाग काढून टोकं जोडावी लागू शकतात.

माझ्या एका शेतकरी पेशंटच्या भावाचा हट्ट होता, ‘काढूनच टाका, म्हणजे कायमची कटकट मिटेल.’ स्कॅनमध्ये फक्त सूज होती. आतडं फुटलेलं नव्हतं, पू नव्हता. मी आणि सर्जन दोघांनीही नको म्हटलं. पोटाला विश्रांती, सलाईन, अँटिबायोटिक्स, रोज तपासणी. ऐन कांदा काढणीचे दिवस, तरी पाच दिवस दवाखान्यात राहिला आणि टाके न पडता घरी गेला. उजव्या बाजूचा साधा आजार बहुतेकांचा असाच बरा होतो. पुन्हा उलटण्याचं प्रमाणही कमी असतं.

पण बिगर ऑपरेशनचा उपचार म्हणजे घरगुती उपचार नव्हे! पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल देऊ नका. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी आणून खाऊ नका. अशा गोळ्यांनी आतडं फुटण्याचा धोका वाढतो. पोट लाकडासारखं कडक झालं, ताप चढत गेला, उलट्या थांबेनात, गॅस-शौच बंद झालं, तर रात्र काढू नका. आतडं फुटून पोटभर पू पसरला तर ऑपरेशनच लागतं. पुवाचं मोठं गळू मात्र पुष्कळदा सोनोग्राफीत बघत नळी घालून रिकामं करता येतं. कॅन्सरची शंका उरली, तरीही ऑपरेशनचा विचार करावा लागतो. त्यासाठीच बरं झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी दुर्बिणीतून आतडं तपासायला सांगतात. दुखणं थांबलं की ही तपासणी लोक हमखास टाळतात, तेवढी टाळू नका.

आणि आपल्या कसमादेतला नेहमीचा प्रश्न: डाळिंबाचे दाणे फुग्यात अडकतात का? बिया, दाण्यांवर पूर्वी सर्रास बंदी घालत. अमेरिकेत सुमारे 47 हजार पुरुषांवर 18 वर्षं नजर ठेवून 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगदाण्यासारखे दाणे, मका, लाह्या खाणाऱ्यांना हा आजार जास्त झाला नाही. डाळिंब त्यात वेगळं तपासलेलं नव्हतं, पण बरं झाल्यावर मी ते बंद करत नाही.